चार वर्षे आधी

सीमाभागातील आमच्या पिढीचे शाळेचे दाखले एखाद्या परक्या माणसाने चाळले, तर जून महिन्याच्या पहिल्या तारखेस या मुलखात बाळंतपणांची झुंबड उडत असावी असा त्याचा ग्रह होईल. खरा प्रकार असा, की शाळेत नाव घालावयास आलेल्या आईला मुलाची जन्मतारीख विचारली म्हणजे ती सांगे, ‘मिरग निघाला होता,’ किंवा ‘बेंदूर चार दिवसांवर आला होता.’ एवढ्यावरून सन काही निघत नसे. मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरावयास सांगत. बोटे कानाला पोहोचली की पोर सहा वर्षांचे झाले असे समजावयाचे आणि सहा वर्षे मागे मोजून रजिस्टरात १ जून लिहून टाकावयाचा. माझा हात कानाला पोहोचला त्या दिवशी गुरुजींनी जी तारीख लिहिली, तीच पुढे एस.एस.एल.सी.च्या दाखल्यावर, टी.सी.एच.च्या प्रमाणपत्रावर आणि अखेर सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर चढत गेली. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे दर वर्षी ३१ मेच्या सुमारास आमच्याकडे शाल-श्रीफळांना भाव येतो.

माझ्या गुरुजींनी अशा रीतीने, बहुधा तोंडातले पान चघळता चघळता, माझ्या निवृत्तीचा दिवसही ठरवून ठेवला होता. तो येण्यास अजून चार वर्षे अवकाश आहे. गेल्या महिन्यात मी स्वेच्छानिवृत्तीची नोटीस दिली. नियमाप्रमाणे तीन महिन्यांची मुदत आहे. ती भरली की मी मोकळा.

ही बातमी गावात पसरण्यास एक दिवस पुरला. पहिला प्रश्न सर्वांचा एकच : ‘काय झालं?’ आपल्याकडे मुदतीआधी नोकरी सोडणारा मनुष्य तीनच कारणांनी सोडतो अशी समजूत आहे : मोठे आजारपण, खात्याची चौकशी, अथवा रस्त्यालगतच्या जमिनीला आलेला भाव. माझ्यापाशी जमीन नाही हे ठाऊक असल्यामुळे पहिल्या दोन कारणांवर खल झाला. एका स्नेह्याने तर मला बाजूला घेऊन अगदी हलक्या आवाजात विचारले, ‘गुरुजी, पोषण आहाराच्या हिशेबात काही अडकलंय का?’ त्याने आवाज इतका हलका केला होता की मला ते दोनदा विचारावे लागले. माझ्या निवृत्तीचे कारण खरे पाहता त्याला तिथेच उमगावयास हवे होते.

मला ऐकू कमी येते.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी तिसरीच्या वर्गावर होतो. लहान शाळेत मुख्याध्यापकालाही वर्ग घ्यावे लागतात, आणि मला ते आवडतही आले आहे. एक मुलगी उभी राहून धडा वाचीत होती. बाहेर कौलांवर पाऊस कोसळत होता. तिचे वाक्य संपले, वर्ग हसला. मी हसणाऱ्यांना दटावले आणि तिला ‘शाब्बास’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत पाहतो तो ‘आकाशात पाखरांचा खवा उडाला’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले. बेळगावच्या कुंद्यामुळे खवा म्हणजे काय हे आमच्या मुलांना थव्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. मी चूक दाखविली, तेव्हा ती म्हणाली, ‘सर, काल तुम्हीच शाब्बास म्हणाला की.’

तिने ‘खवा’ वाचले होते आणि मी ‘थवा’ ऐकला होता. किंबहुना मी काहीच ऐकले नव्हते; धडा पाठ असल्यामुळे जे यावयास हवे तेच मनाने भरून घेतले होते. असे किती दिवस चालले असेल, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

पुढे बेळगावात जाऊन तपासणी केली. तेथील तज्ज्ञाने कागदावरचा आलेख समोर ठेवला. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी ती रेघ आंबोलीच्या घाटासारखी दिसत होती. वयपरत्वे कान जातो तो सरसकट जात नाही, हे मला त्या दिवशी कळले. खालच्या पट्टीचे आवाज बराच काळ टिकतात, उंच पट्टीचे आधी जातात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात. स, श, थ, ख, फ, ट यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांवरून पटते. म्हणून ऐकू येते, पण कळत नाही. ‘सात’, ‘हात’, ‘खात’, ‘थाट’ या सगळ्यांतून एक लांबलचक ‘आ’ तेवढा हाती लागतो. त्यातून लहान मुलांचा आवाज मुळातच उंच. मोठ्या माणसांशी माझे बोलणे अद्याप सुरळीत चालते, आणि खालच्या वर्गातल्या पोरांशीच अडते, ते यामुळे. प्रौढांच्या वर्गावर असतो तर कदाचित साठी गाठली असती. पण मी प्राथमिक शिक्षक आहे. माझ्या धंद्याचा सारा जीव ‘थ’ आणि ‘ख’ यांच्यातल्या फरकात आहे.

श्रवणयंत्र घेतले नाही काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. दोन्ही कानांना घेतले. घरात, समोरासमोर, एका माणसाशी बोलताना ते यंत्र उत्तम काम देते. परंतु वर्गात ते बाकांचे करकरणे, कौलांवरचा पाऊस, शेजारच्या वर्गातले पाढे आणि शेवटच्या रांगेतली कुजबुज हे सारे मोठे करून कानात ओतते. चाळीस आवाजांतून हवा तो एक निवडण्याचे काम मेंदूचे असते, आणि कान अर्धवट झाला की मेंदूलाही ते पूर्वीसारखे साधत नाही. संध्याकाळी यंत्र काढून ठेवले म्हणजे डोके दगडासारखे जड झालेले असे.

याउपर सहकाऱ्यांचे आणि नातलगांचे म्हणणे असे पडले, की सोडण्याची घाई कशाला? आणि त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कोणाला काढता येत नाही, की त्याचा दर्जाही खाली आणता येत नाही. पूर्वीचे काम होत नसेल, तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. हा कायदा चांगला आहे. ऐन उमेदीत अपघाताने हातपाय किंवा डोळे गमावलेल्या माणसाचा संसार त्याने वाचविला आहे, आणि असा आधार ज्याला हवा त्याने तो अवश्य घ्यावा. माझ्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच झाला, की कार्यालयात बसून तांदूळ, दूध आणि अंडी यांचे आकडे भरीत मी चार वर्षे काढू शकलो असतो. कोणी हरकत घेतली नसती. मुले वाचीत राहिली असती, आणि मी मान डोलावीत राहिलो असतो.

साठ हा आकडा तरी काय मोठा पवित्र आहे? २००८ सालापर्यंत कर्नाटकात निवृत्तीचे वय ५८ होते; त्या वर्षी ते ६० झाले. आमच्या गावापासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर महाराष्ट्राची हद्द आहे, आणि पलीकडच्या शाळेतला शिक्षक आजही ५८ व्या वर्षी घरी जातो. ओढ्याच्या अलीकडचा मास्तर दोन वर्षे अधिक शहाणा राहतो असे तर नव्हे! सरकारला काहीतरी एक आकडा ठरवावाच लागतो, त्यात त्याचा दोष नाही. पण आपण त्या आकड्याला आपल्या कर्तव्याची सीमा समजून बसतो, तिथे घोटाळा होतो.

या निमित्ताने मला वारंवार आठवण झाली ती कागलच्या एका विद्यार्थ्याची. निपाणीहून कोल्हापूरकडे जाताना वाटेत कागल लागते. अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात शिकत असताना आणि पुढे एम.ए.च्या परीक्षेसाठी कोल्हापूरच्या खेपा घालताना एस.टी.च्या खिडकीतून ते गाव मी शेकडो वेळा पाहिले असेल. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. पण त्यांचे वडील कागल संस्थानात नोकरीला असल्यामुळे बालपण गेले ते कागलात. १८७९ साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागलातच पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये दरमहा गोपाळच्या शिक्षणासाठी पाठविले. उरलेल्या सात रुपयांत त्यांनी घर कसे चालविले असेल, याचा विचार चरित्रकारांनी फारसा केलेला नाही. तो गृहिणींनी करावा.

गोखले १८८५ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. आजीव सभासदाने वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची, आणि ती पंचाहत्तर रुपये दरमहा वेतनावर, असा तो करार. इथे सरकारने ठरविलेली साठी नव्हती. माणसाने आपल्या हाताने घालून घेतलेली ही वेस होती. आणि गंमत पाहा, ती वेस मुदतीआधी ओलांडणारे पहिले मोठे नाव आहे लोकमान्य टिळकांचे. सभासदांनी बाहेरची कामे पत्करू नयेत, सारा वेळ संस्थेला द्यावा, असा टिळकांचा कटाक्ष होता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा त्यांच्या सहनशीलतेची शेवटची काडी मोडली आणि १८९० च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे व्रताच्या कडकपणासाठी भांडणारा बाहेर पडला आणि ज्याच्या शिथिलपणावर आक्षेप होता तो पुढे बारा वर्षे शिकवीत राहिला. यात कोण चुकले हे ठरविण्याचा माझा अधिकार नाही. दोघांनीही आपापल्या परीने त्या कराराचा अर्थ गांभीर्याने लावला, एवढे मात्र दिसते.

गोखले फर्ग्युसन महाविद्यालयातून बाहेर पडले ते १९०२ साली, शिक्षकीच्या अठराव्या वर्षी. वय अवघे छत्तीस. निवृत्तिवेतन ठरले दरमहा तीस रुपये. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक देशभर शाळांत चाले, त्याच्या उत्पन्नाचा काय तो आधार. त्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात गेले, आणि १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. महाविद्यालयाने दिलेल्या निरोपाच्या वेळी त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. समुद्राकाठी एक माणूस सुखाने राहत असतो. घर आहे, पिकती शेती आहे, बायकामुले आहेत. लोकांना वाटते, याला काय कमी? पण त्याला समुद्राची विलक्षण ओढ. त्या पाण्याने त्याला एकदा-दोनदा बुडता बुडता सोडलेले असते, तरीही तो पुन्हा नाव लोटतो. आपलीही गत तशीच आहे, शांत किनारा सोडून आपण वादळी पाण्यात चाललो आहोत, असे गोखल्यांना सांगावयाचे होते.

हे भाषण मी अनेकदा वाचले आहे. पूर्वी वाचताना छाती भरून येई. या खेपेस वाचताना मात्र थोडे अवघडल्यासारखे झाले, कारण माझ्यापुढे कोणताही समुद्र नाही. मोठी माणसे नोकरी सोडतात ती काहीतरी गाठण्यासाठी. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून अठरा वर्षे काढून वि. स. खांडेकर १९३८ साली कोल्हापूरला गेले, ते चित्रपटकथा लिहिण्यासाठी. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. आम्ही सामान्य माणसे सोडतो ती काहीतरी हातून सुटत चालले म्हणून. गाठण्यासाठी सोडणाऱ्याचा सत्कार होतो, आणि सुटत चालले म्हणून सोडणाऱ्याकडे लोक कीव करून किंवा संशयाने पाहतात. त्यामुळे तो बिचारा कारण लपवितो. ‘आता वाचन-लेखन करणार’, ‘शेतीत लक्ष घालणार’ असे काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. मीही आरंभी तसेच केले. ‘ज्ञानेश्वरीचा अभ्यास करावयाचा आहे’ असे दोन-चार जणांना सांगून टाकले. ज्ञानेश्वरी मी नोकरी करीत असतानाच वाचीत आलो आहे, आणि तिने माझ्या वेळेत कधी अडथळा आणलेला नाही.

अण्णासाहेब कर्व्यांचे उदाहरण मला याहून जवळचे वाटते, पण ते उलट बाजूचे. टिळक गेल्यावर रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर गोखल्यांनी त्यांना १८९१ साली बोलावून घेतले. पुढे हिंगण्याचे काम उभे राहिले. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावयाचे आणि संध्याकाळी पायी हिंगणे गाठावयाचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्यांच्यापुढे तर समुद्रच होता, तरीही पत्करलेली मुदत पुरी करूनच ते १९१४ साली, ५६ व्या वर्षी, निवृत्त झाले. महिला विद्यापीठ त्यानंतर १९१६ साली निघाले, आणि त्यापुढेही त्यांना शेहेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभले! माझेही वय छप्पन्नच आहे. पण साम्य तेवढ्यावरच संपते.

आमच्याच काळातले उदाहरण घ्यावयाचे तर एकाच दिवशी हजारो माणसांनी मुदतीआधी नोकरी सोडल्याचेही आपण पाहिले आहे. भारत संचार निगमने २०१९ च्या नोव्हेंबरात स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी ती होती. झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा पगार सानुग्रह रक्कम म्हणून मिळावयाचा होता. देशभरातून ७८,५६९ कर्मचाऱ्यांनी तिचा लाभ घेतला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते सारे घरी गेले. त्यांत माझा एक वर्गमित्र होता. उमेदीच्या काळात भर पावसात खांबावर चढून तारा जोडणारा हा गडी. परवा त्याच्याकडे सल्ल्यासाठी गेलो. तो म्हणाला, ‘मास्तर, आम्ही नोकरी सोडली असं मी म्हणत नाही. शेवटच्या स्टॉपाच्या अलीकडं गाडी बंद पडली, सगळेच उतरले, मीही उतरलो. तुमची गाडी चालू आहे, तुम्ही मधेच घंटी मारताय. ते जड जातंय.’

मग त्याने हिशेब विचारला. आमच्याकडे २००६ सालच्या एप्रिलपूर्वी लागलेल्यांना जुन्या पद्धतीची पेन्शन आहे, मी त्यांपैकी. त्यामुळे उपाशी मरण्याची भीती नाही. पण चार वर्षांचा पूर्ण पगार, त्यातल्या वाढी, आणि शेवटच्या पगारावर बेतलेली पेन्शन, हा फरक लहान नव्हे. शिवाय पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले, तर तो भाग पूर्ववत होण्यास पंधरा वर्षे लागतात. म्हणजे मला सत्तरी ओलांडावी लागेल. धाकटीचे शिक्षण अजून व्हावयाचे आहे. मित्राने कागदावर आकडे मांडले, दोनदा बेरीज केली आणि म्हणाला, ‘परवडेल. पण सकाळी साडेनऊला काय करणार ते आत्ताच ठरवा. मला पैशाचं भ्यावं लागलं नाही, साडेनऊचंच भ्यावं लागलं.’

घरी हा विषय मी कसा काढावा याची आठ दिवस जुळवाजुळव करीत होतो. पत्नीने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘अहो, ते मला दिवाळीपासूनच कळलंय. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तुम्ही सोडलंत तेव्हाच.’ नंतर काही वेळाने, भांडी लावता लावता, ‘लेकीला मात्र तुम्ही स्वतः सांगा,’ एवढेच ती बोलली. लेकीला सांगितले. ती फोनवर बराच वेळ गप्प होती; का ती बोलत होती आणि मला कळले नाही, कोण जाणे.

या सगळ्या काळात मला माझ्या आईची आठवण पुष्कळ झाली. निपाणी हे तंबाखूचे गाव. वखारींत आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या हजारो बायकांच्या बोटांवर त्याची भरभराट झाली. आई त्यांतली एक. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पाने, तंबाखू आणि दोरा, मजुरी हजारावर. वळलेल्या विड्या नेऊन दिल्या की तपासणारा त्यांतल्या खराब विड्या बाजूला काढी, त्यांचे पैसे नाहीत. आई तिशीत असताना तिच्या हातच्या विड्या क्वचितच बाजूला पडत. पुढे नजर अधू झाली, बोटे आखडू लागली आणि त्या ढिगाची उंची वाढत गेली. एके दिवशी तिने सूप धुऊन भिंतीला उलटे टेकवून ठेवले. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. ‘आई, कुणी काही बोललं का?’ म्हणून विचारले. ती म्हणाली, ‘बोलायची कशाला वाट बगायची? माझं मलाच दिसतंय की. दुसऱ्याच्या तंबाखूची नासाडी करायची व्हय?’

तिला कोणी निरोप दिला नाही, शाल दिली नाही. तिचे साठावे वर्ष कोणते हेही कोणाला माहीत नव्हते. आपल्या कामाची तपासणी मालकाने करण्याआधी तिने स्वतः केली होती, एवढेच. निपाणीचे कथाकार महादेव मोरे पिठाची गिरण चालविता चालविता लिहीत राहिले. २०२४ साली ते गेले. त्यांच्या कथांतून येणारी कष्टकरी माणसे अशीच, निवृत्तीची तारीख नसलेली. आम्हा पगारदारांना तारीख मिळाली, आणि तपासणीची सवय मात्र गेली.

आता जे बोलावयाचे ते सर्वांत अवघड. माझे जाणे माझ्यापुरते असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण आमची शाळा सरकारी मराठी शाळा आहे, आणि ती कर्नाटकात आहे. १९५६ साली सीमारेषा आखल्या गेल्या तेव्हापासून येथला मराठी शिक्षक दोन भाषांच्या उंबऱ्यावर बसलेला आहे. खात्याची परिपत्रके कन्नडमध्ये येतात, मुले व पालक मराठी बोलतात. मधला पूल म्हणजे मुख्याध्यापक. मी रुजू झालो तेव्हा मला कन्नड वाचता येत असे, समजत नसे. परीक्षा दिली, शिकलो, आणि हळूहळू त्या भाषेची गोडीही लागली. बेंद्रे वाचले. आमच्या शाळेतील कन्नडच्या बाईंनी मला पुष्कळ शिकविले, आणि मी त्यांना तुकोबा समजावून दिले. सीमेवर राहणाऱ्याला हे सुख आहे, ते बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांना मात्र मी काय म्हणतो ते चटकन उमगेल.

परंतु पटसंख्या घटत आहे. ऐपत असलेले पालक मुलांना इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवितात. उरतात ती शेतमजुरांची आणि विडी कामगारांची मुले. अशा शाळेतला एक शिक्षक गेला, की त्याची जागा लगेच भरेलच अशी खात्री नसते. तोवर अतिथी शिक्षकावर वेळ निभावावी लागते. तो मुलगा वा मुलगी कितीही गुणी असो, वर्ष संपले की त्याला दुसरीकडे पाहावे लागते. म्हणून एका वयस्क पालकाने मला सरळ विचारले, ‘गुरुजी, तुम्ही गेल्यावर शाळेचं काय?’ त्याला माझ्या कानांचे सांगितले. तो म्हणाला, ‘ऐकू येऊ दे न येऊ दे, मराठी माणूस खुर्चीवर असलेला बरा.’

हा प्रश्न मी महिनाभर उराशी घेऊन हिंडलो. त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. रिकाम्या खुर्चीचे भय आम्हा सीमेवरच्यांच्या रक्तात आहे. पण त्या मुलीची वही डोळ्यांपुढून हलत नसे. जिला घरी शिकविणारे कोणी नाही, जिची सारी मराठी माझ्या तोंडून आणि माझ्या कानांतून जावयाची, तिच्या ‘खव्या’ला मी शाब्बास म्हणालो होतो. मराठी शाळा टिकावी म्हणून मी खुर्चीवर बसावयाचे, आणि त्या शाळेत मराठी चुकत जावयाची! मला ते जमले नाही. कोणी याला पळपुटेपणा म्हणाले, तर वाद घालण्याइतके नीट ऐकू येत नाही, ही एक सोय आहे.

नोटिशीच्या कागदावर कारणाच्या रकान्यात मी ‘वैयक्तिक’ असे न लिहिता ‘श्रवणदोषामुळे अध्यापन समाधानकारक होत नाही’ असे कन्नडमध्ये लिहिले. लिहून घेणाऱ्या कारकुनाने दोनदा वर पाहिले. ‘वैयक्तिक म्हटलं तरी चालतं,’ तो म्हणाला. मी तसेच राहू द्या म्हणालो.

सध्या चार्जाची यादी करण्याचे काम चालू आहे. नकाशे अकरा, त्यांपैकी वाळवी लागलेले तीन. पृथ्वीचा गोल एक, आस मोडलेली. हार्मोनियम एक, चालू. कपाटे चार, किल्ल्या तीन. शाळेची जुनी रजिस्टरे काढली, तेव्हा पानोपानी १ जून भेटत राहिला. आता जन्माचे दाखले निघतात, मुलांच्या तारखा खऱ्या असतात. तरीही परवा पहिलीत नाव घालावयास एक आजोबा नातवाला घेऊन आले. दाखला पुढे करण्याआधीच त्यांनी पोराचा उजवा हात त्याच्या डोक्यावरून घेऊन डाव्या कानावर ठेवला आणि मोठ्याने काहीतरी म्हणाले. मी उजवा कान पुढे केला.

‘पोचला बगा, गुरुजी.’

मी दाखल्यावरची तारीख रजिस्टरात उतरून घेतली. सतरा ऑक्टोबर होती.